पापभीरू

‘पापभीरू’ हा शब्द मराठीत दोनच ठिकाणी भेटतो. एक श्रद्धांजलीत, दुसरा स्थळ सांगताना. मावशीनं ह्यांचं स्थळ आणलं तेव्हा हाच शब्द वापरला होता. आमच्या माहेरी त्याचा अर्थ ‘पीत नाही’ एवढाच.

अशा माणसाला घेऊन नागपुरात तर्री पोहा खाऊन दाखवा. पोह्यावर चण्याची तर्री पडते, संपली की पुन्हा पडते, आणि वरच्या तर्रीचे पैसे मागणं ठेलेवाल्याला कमीपणाचं वाटतं. पण ह्यांच्या घशाखाली दुसरी पळी उतरत नाही. “ह्या तर्रीचे किती?” ठेलेवाला आधी हसतो, मग दुखावतो. “काहून शरमिंदा करून राहिले काका? तर्रीचे पैसे घेतो का मी?” हे दहाची नोट पुढे करतात, तो मागे सारतो. मागे रांग खोळंबते आणि सगळे माझ्याकडे बघतात, ह्यांना लहानाचं मोठं मीच केल्यासारखे.

मे महिन्याचं तर विचारूच नका. पारा 45 ला टेकतो, म्हणून काही सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधतात. परवा जाळीची सावली पांढऱ्या पट्टीच्या पुढे पडलेली, आणि आमची स्कूटर पट्टीच्या मागे, रणरणत्या उन्हात. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. “घ्या ना जरा पुढे!” “अगं, पट्टी म्हणजे पट्टी.”

इंग्रजीत ह्या बोचणीला ‘स्क्रूपल’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बारीक टोकदार खडा. औषधं तोलायचं जुनं वजनही त्याच नावाचं, 20 ग्रेनचं, म्हणजे जेमतेम 1.3 ग्रॅम. खडा ह्यांच्या चपलेत, लंगडते मी.

यंदा रिटर्न भरताना ह्यांनी सीएला विचारलं, “बायकोला संक्रांतीच्या वाणात स्टीलचा डबा मिळाला, तो कुठे दाखवायचा?” डब्या-चाळण्यांवर कर नसतो, नात्याबाहेरच्यांनी रोख दिली असती तरी वर्षाला 50,000 रुपयांपर्यंत चाललं असतं, असं त्यानं हात जोडून सांगितलं. तरी घरी येऊन हे वही घेऊन बसले. डबे, गाळण्या, चाळण्या, पुढे अंदाजे किंमत.

“चाळणीची भोकं वजा करा,” मी म्हटलं.

“किती असतील गं?”