आफ्रिकी जॅझमधले अध्यात्म उसने नाही

दक्षिण आफ्रिकेतील जॅझ पियानोवादकांविषयी रसिकांमध्ये सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा, की या वादकांचे अध्यात्म म्हणजे अमेरिकी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या ‘अ लव्ह सुप्रीम’ या भक्तिपर ध्वनिमुद्रिकेची उसनवारी आहे, केपटाऊनचे पियानोवादक अब्दुल्ला इब्राहिम यांच्या वादनात ते धर्मांतरानंतर शिरले, आणि वर्णभेदाच्या काळात देवाकडे वळणे ही लढ्यातून काढलेली पळवाट होती.

उसनवारीचा मुद्दा तारखा पाहताच डळमळतो. कोल्ट्रेन यांचे ते ध्वनिमुद्रण डिसेंबर १९६४ मधले. त्याच्या जवळजवळ पाच वर्षे आधी, जानेवारी १९६० मध्ये, डॉलर ब्रँड (इब्राहिम यांचे तेव्हाचे नाव), ह्यू मासेकेला, किपी मोएकेत्सी, जोनास ग्वांग्वा आणि त्यांचे साथीदार जोहान्सबर्गमध्ये ध्वनिमुद्रणाला बसले. वाद्यवृंदाचे नाव ‘जॅझ एपिसल्स’ आणि ध्वनिमुद्रिकेचे ‘जॅझ एपिसल, व्हर्स वन’. एपिसल म्हणजे बायबलच्या नव्या करारातील प्रेषितांची पत्रे, व्हर्स म्हणजे त्यांतले वचन. चर्चमध्ये वाढलेल्या मुलांनाच अशी नावे सहज सुचतात. केपटाऊनच्या ब्रँड यांची आजी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चमध्ये पियानो वाजवत असे, आणि ते स्वतः सातव्या वर्षापासून पियानो शिकत होते.

खरे तर याची मुळे नावांपेक्षा खोलवर, सुरांतच आहेत. १९२०च्या दशकात जोहान्सबर्गच्या गरीब वस्त्यांतील चोरट्या दारूच्या अड्ड्यांवर ‘मराबी’ ही नाचाची संगीतशैली वाजे, आणि पियानो नसेल तिथे ती पायपेटीवर वाजे. मिशनऱ्यांबरोबर आलेले हे वाद्य आपल्या संगीत नाटकांच्या पायपेटीचे भावंडच. मराबीत मोजक्या कॉर्डचे (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचे) एक आवर्तन तासन्‌तास फिरत राहते, आणि त्या कॉर्ड बहुतांशी मिशनच्या स्तोत्रांमधूनच आलेल्या असतात. शनिवारी रात्री अड्ड्यावर आणि रविवारी सकाळी प्रार्थनेला बोटे जवळपास त्याच पट्ट्यांवर पडत. हे घडले तेव्हा कोल्ट्रेन यांच्या हाती अजून सॅक्सोफोनही आला नव्हता.

अमेरिकेचा धागा मात्र नाकारता येत नाही. इब्राहिम यांच्या आजीचे चर्च मुळात १८१६ मध्ये फिलाडेल्फियात स्थापन झालेले होते. डरबनचे पियानोवादक बेकी म्सेलेकू तर कोल्ट्रेन यांचे ऋण उघडपणे मानत; १९७७ मध्ये अमेरिकेतील न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवाला गेले असता त्यांची कोल्ट्रेन यांच्या पत्नी, संगीतकार अ‍ॅलिस कोल्ट्रेन यांच्याशी भेट झाली होती. पण लहानपणीच्या अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावलेल्या आणि पुढे लंडनमध्ये काही काळ बौद्ध मंदिरात राहिलेल्या या माणसाची साधना एका ध्वनिमुद्रिकेपुरती आखडणे अन्यायाचे आहे. त्यांच्यानंतरच्या पिढीतील न्दुदुझो माखाथिनी हे पियानोवादक तर आहेतच, शिवाय झुलू परंपरेतील उपचारकही आहेत. २०२४ मधली त्यांची ध्वनिमुद्रिका उनोमखुबुल्वाने या पावसाच्या आणि सुफलतेच्या झुलू देवतेला उद्देशून आहे. ही देवता अमेरिकेहून आणलेली नाही.

आता धर्मांतराचा मुद्दा. इब्राहिम यांनी १९६८ मध्ये इस्लाम स्वीकारला, हे खरे; पण केपटाऊनमध्ये इस्लाम सतराव्या शतकापासून आहे, डचांनी पूर्वेकडून आणलेल्या गुलामांबरोबर आणि हद्दपार केलेल्या कैद्यांबरोबर आलेला. अजानाचा सूर हा त्या शहराच्या रोजच्या आवाजांतलाच. शिवाय धर्म बदलल्यावर जुने सूर टाकले असे झालेच नाही. बासवादक जॉनी ड्यानी यांच्यासह १९७३ मध्ये मुद्रित केलेल्या ‘गुड न्यूज फ्रॉम आफ्रिका’ या ध्वनिमुद्रिकेची सुरुवात ‘न्त्सिकानाज् बेल’ने होते. न्त्सिकाना हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा, दक्षिण आफ्रिकेतील झोसा समाजाचा ख्रिस्ती स्तोत्रकार, आणि ही त्याची प्रार्थनेला बोलावणारी घंटा. त्याच ध्वनिमुद्रिकेवर पुढे अजानही आहे. धर्मांतराने दुभंगलेला कलावंत ज्यांना दाखवायचा आहे, त्यांनी ही एकच ध्वनिमुद्रिका शांतपणे ऐकावी.

पळवाटीचा आरोप मला सर्वांत उथळ वाटतो. ज्या देशात लढ्याचे गीतच प्रार्थना होते, तिथे देव एकीकडे आणि राजकारण दुसरीकडे अशी वाटणी कोण करणार? ‘न्कोसी सिकेलेल आयाफ्रिका’, म्हणजे देवा, आफ्रिकेवर कृपा कर, हे स्तोत्र मिशन शाळेतील शिक्षक इनॉक सोंटोंगा यांनी १८९७ मध्ये रचले आणि वर्णभेदाविरुद्ध पुढे लढलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या पक्षाने १९२५ मध्ये ते आपले गीत म्हणून स्वीकारले. इब्राहिम यांची ‘मॅनेनबर्ग’ ही धून १९७४ मध्ये केपटाऊनमध्ये ध्वनिमुद्रित झाली. स्टुडिओतल्या जुन्या उभ्या पियानोच्या हातोड्यांना पिना टोचलेल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक सूर पत्र्यावर पडल्यासारखा खणखणतो. त्या आवाजात मराबीचे आवर्तन, चर्चचा संथ ठेका आणि केपच्या नाचाची लय तेरा मिनिटांहून अधिक काळ एकमेकांत मिसळत राहतात, आणि बेझिल कूट्झी यांचा टेनर सॅक्सोफोन त्यांवर गातो. नाव आहे ते वर्णभेदी कायद्याने घराबाहेर काढलेल्या कुटुंबांची जिथे रवानगी झाली त्या वसाहतीचे. १९८०च्या दशकात कूट्झी आणि सॅक्सोफोनवादक रॉबी यान्सन हीच धून वर्णभेदविरोधी सभांमध्ये वाजवत, आणि ती सुरू झाली की लोक जागच्या जागी नाचू लागत.