चार दिवसांचं दूध

मागच्या महिन्याच्या अखेरीला दूधवाल्याशी माझं भांडण झालं. भांडण म्हणजे, बोलत मी होते, तो ऐकत होता. आम्ही चार दिवस गावी गेलो होतो. कॅलेंडरवर चार खाडे मांडलेले, आणि त्याच्या वहीत एकही नाही. "आम्ही नव्हतो तर दूध भिंती प्यायल्या का?" असं मी जिन्यात उभी राहून, वरच्या-खालच्या दोन्ही बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. त्याने वही मिटली, 240 रुपये कमी घेतले आणि सायकल काढून गेला.

शनिवारी रात्री जेवताना धाकटा सहज बोलून गेला, की तुम्ही गावी होतात तेव्हा मित्र रोज अभ्यासाला यायचे, लिटरभर दूध चहातच संपायचं. परीक्षेमुळे तो घरी राहिला होता. हे मला माहीत होतं, त्याच्या डब्याची सोयही मीच लावून गेले होते. खाडे मांडताना तेवढा तो डोक्यातून गेला.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे आमच्याकडे प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर आणि प्याला घेण्याचा विधी. सकाळी दूधवाला आला तेव्हा 240 रुपये त्याच्या हातावर ठेवले, "हे राहिले होते" म्हटलं आणि दार लावून घेतलं. राहिले होते! जसे काही फडताळात पडून राहिले होते. मग साडी नेसले, चर्चला गेले, भाकर घेतली, प्याला घेतला.

घास काही गोड लागला नाही. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात असताना, बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातलं आत्म्याचं फळ एका दमात म्हणून मी बक्षीस मिळवलेलं. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. आजही झोपेतून उठवून विचारा. तिथे शब्द 'फळ' आहे, 'फळे' नाही, हे मात्र कितीतरी वर्षांनी एका पाळकसाहेबांनी दाखवलं. नऊ जिनसांतली आपल्याला परवडेल ती उचलायची, बाकीची ठेवून द्यायची, अशी सोय तिथे नाही.

आपल्या मंडळीत साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूने आपल्याला कसं बदललं ते सगळ्यांपुढे सांगायची, पद्धत आहे. मला ती आवडते. पण साक्षीत पाप कायम जुनं असतं आणि भलंमोठं असतं. वीस वर्षांपूर्वीची दारू, जुगार, तंबाखू, मग प्रभू भेटला आणि सगळं सुटलं. 'परवा मंगळवारी मी जावेबद्दल खोटं बोलले' अशी साक्ष मी आजवर ऐकलेली नाही. उलट 'प्रार्थनेची गरज आहे म्हणून सांगते हं' असं म्हणत कुणाच्या घरातलं काय काय आपण चघळतो, ते ज्याचं त्याला माहीत. (मी पण त्यातच.) आमच्या नगरचंच बघा. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. लक्ष्मीबाईंचं सोवळं एका दिवसात सुटलं नाही, आणि स्वतःच्या अशा फजित्या त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात न लपवता, हसत सांगितल्या आहेत. ही सवय आपण कुठे टाकली कोण जाणे.

त्या आठवड्यात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय पुन्हा काढला. तिथे येशू सांगतो: वेदीपाशी दान आणलंस आणि आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. लक्षात घ्या, तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर, असं म्हटलेलं नाही. आणि ऐकणारे बरेचसे गालीलातले. वेदी यरुशलेमात. शंभर किलोमीटरहून जास्त अंतर, तीन-चार दिवसांची पायपीट. म्हणजे दान ठेवायचं, चालत घरी यायचं, भावाचे पाय धरायचे आणि परत चालत जायचं. माझा दूधवाला तर रोज सकाळी दारात येतो.

बायबलमधल्या गणनेच्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात, हिशेबही दिलाय. आधी पाप कबूल करायचं, मग मूळ रक्कम, वर पाचवा हिस्सा. येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर चौपट परत करायला निघाला, तेही सगळ्यांदेखत. मी पैसे दिले होते. कबुली गाळली होती. आणि खरं सांगते, पैसे द्यायला काहीच वाटलं नव्हतं.

पुढचा आठवडाभर टाळलं. एकदा सासूबाईंनाच पातेलं घेऊन पाठवलं. शनिवारी मात्र गेले. वरच्या काकू जिना झाडत होत्या, खालच्या ताई पिशवी घेऊन उभ्या. त्यांना जाऊ द्यावं असं मनात आलंच. पण म्हटलं, ओरडले तेव्हा थांबले होते का?

"त्या दिवशी चूक माझी होती. खाडे मीच चुकीचे मांडले. मुलगा घरी होता."

काकूंचा झाडू थांबला. दूधवाल्याने कॅनचं झाकण काढलं.

"ठाऊक आहे की ताई. पातेलं घेऊन तोच तर यायचा."

वरचे 48 रुपये त्याने घेतले नाहीत. माप कॅनमध्ये बुडवत म्हणाला, "आज लिटर का अर्धा?"