शेजारी पुरलं म्हणजे नवरा-बायको?

फॅमिली ग्रुपवर तो फोटो परत आला. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या जागेवर एकाच कबरीत सापडलेले दोन सांगाडे, पुरुषाचा चेहरा बाईकडे वळलेला, खाली बदामांची रांग आणि ‘साडेचार हजार वर्षांचं अमर प्रेम, डीएनएने सिद्ध!’ एका काकांनी लगेच हात जोडले.

काका, नुसत्या या दोघांच्या डीएनएने हे सिद्ध होऊच शकत नाही. नवरा-बायकोत रक्ताचं नातं असावंच लागतं असं नाही. तपासणी फार तर सांगेल की हे भाऊ-बहीण नाहीत, मायलेक नाहीत. दोघांचं मूल कुठे सापडलं आणि त्याच्यात निम्मा याचा, निम्मा तिचा वाटा निघाला, तरच जोडी पक्की. तिथे खोदकाम करणाऱ्या डेक्कन कॉलेजच्या पथकाने ‘जोडपं असावं’ म्हटलं ते कबरीच्या मांडणीवरून. अंदाज चांगला आहे, पण अंदाजच.

आणि मांडणी चकवते. इटलीतल्या पॉम्पेईत इ.स. 79 च्या ज्वालामुखीच्या राखेत सापडलेली सोन्याचं कडं घातलेली ‘आई’ आणि तिच्या कडेवरचं लेकरू. सगळ्यांनी मायलेकरूच मानलं. 2024 मध्ये तपासणी झाली, तर ती ‘आई’ पुरुष निघाली आणि त्या मुलाशी रक्ताचं नातं शून्य. कडं दिसलं की बाई, मूल दिसलं की आई, हे आपणच ठरवून टाकलेलं.

तपासणी होते ती बहुतेक वेळा आतल्या कानाभोवतीच्या, कवटीतल्या सगळ्यात टणक हाडाच्या चिमूटभर भुकटीवर. आई-मूल काय, सख्खी भावंडं काय, दोन्हीकडे साधारण निम्मं जुळतं. मग फरक कसा ओळखायचा? डीएनएच्या प्रत्येक ठिकाणी आपल्याकडे दोन प्रती असतात; आई-मुलात त्यातली एक जुळतेच. भावंडांत कुठे दोन्ही जुळतात, कुठे एकही नाही. मला हे फार आवडलं. अर्थात हाडात डीएनए उरला असेल तर. राखीगढीच्या 60 हून जास्त नमुन्यांतून 2019 मध्ये एका बाईचाच जीनोम, म्हणजे सगळा डीएनए मिळून होणारा आराखडा, हाती लागला. उन्हात काय काय टिकत नाही, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

आमच्या अक्कलकोटकडच्या गावी सुगीनंतर हेळवी यायचे, बैल घेऊन. चोपडी उघडून घराण्याच्या पिढ्या घडाघडा वाचायचे. त्यात आमचे खापरपणजोबा आहेत, दत्तक आलेले. डीएनएने ते घराण्याबाहेर काढले असते, हेळव्याने काढले नाहीत. इंग्लंडमधल्या हेझल्टन नॉर्थच्या 5700 वर्षांपूर्वीच्या थडग्यात तपासलेल्या 35 जणांपैकी 27 जण एकाच घराण्याच्या पाच पिढ्यांचे निघाले: मूळ पुरुष एक, बायका चार. पण तिथे सावत्र मुलंही आहेत, आईबरोबर आलेली, बाप वेगळा असलेली. त्यांनाही त्याच थडग्यात जागा मिळाली. म्हणजे ‘आपला’ कोण हे तेव्हाही माणसंच ठरवत होती.

चोपडीत एक गोष्ट मात्र नव्हती: लेकींची नावं. माझ्या आत्यांचा त्यात पत्ता नाही. फ्रान्समधल्या गुर्जीच्या हजारो वर्षांपूर्वीच्या दफनभूमीत डीएनएवरून सात पिढ्यांच्या वंशावळीत 64 जण जोडले गेले, 2023 मध्ये. बाप, मुलगे, नातू, बाहेरून आलेल्या सुना. वयात आलेल्या लेकी जवळजवळ गायब. बातम्यांनी मथळे दिले ते मूळ पुरुषाला. मला वाटतं, शोधायला हव्यात त्या लेकी. त्यांची हाडं कुठल्या तरी दुसऱ्या गावात, सासरच्या माणसांत पडली असणार. त्यांच्यातल्या एखादीच्या हाडाचा नमुना तपासला गेला, की या वंशावळीशी जुळेल.

आपल्या भीमेला मिळणाऱ्या घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे ताम्रपाषाण काळातल्या घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत लहान मुलं पुरलेली सापडली. ती त्या घरातल्याच बाईच्या पोटची, असं आपण सहज धरून चालतो. तुर्कस्तानातल्या चाताल्होयुक या प्राचीन वस्तीतही तसंच धरलं होतं. तपासलं, तर एकाच घराखालच्या अनेक मुलांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध नव्हता.