सोलापूरच्या उन्हाचं काय?
डुकरांच्या पैदाशीवरच्या लेखात म्हटलंय, मादी माजावर दिसली की लगेच नर दाखवा. पण नुसती निरण (योनीचा बाहेरचा भाग) सुजून लाल झाली म्हणजे मादी तयार झाली असं नसतं. कमरेवर दोन्ही तळहातांनी दाब द्या. कान टवकारून जागची हलली नाही तरच भरवा (नर लावा), आणि १२ ते २४ तासांनी पुन्हा एकदा.

आमच्या सोलापुरात खरी गोची नराची. एप्रिल-मेच्या उन्हात, त्यात पत्र्याचं शेड, वीर्याची प्रत घसरते. नवे शुक्राणू तयार व्हायला पाच-सहा आठवडे लागतात, म्हणून पाऊस पडल्यावरही माद्या उलटत (गाभण न राहता पुन्हा माजावर येत) राहतात. तेव्हा जूनमध्ये २१ दिवसांनी मादी उलटली की लगेच तिलाच विकायला काढू नका राव! नरावर दुपारी पाणी मारा, भरवणं पहाटे उरका. लेखात याची एक ओळ नाही, कमाल आहे.