फुकट अँटिव्हायरस, विकतची डोकेदुखी

काल परत तेच! कर्नाटक सरकारच्या 'भूमी' साइटवरनं शेताचा उतारा काढायला कॉम्प्युटर लावला, तर कोपऱ्यात लाल चौकट: 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे!' खाली हाताएवढं हिरवं बटण, पैसे भरायला. आणि नको म्हणायची फुली? मोहरीएवढी, तीसुद्धा फिक्कट राखाडी. बाबा चष्मा नाकावर ओढून शोधत बसतात, सापडत नाही, मग घाबरून हिरवंच दाबतात.

रॅम वाढवायला शहापुरातल्या एका दुकानात दिला होता, तिथं न विचारता एक फुकटचा अँटिव्हायरस घातला. दिवाळीला भाचा आला, त्यानं वरनं दुसरा. आता दोघं एकमेकांवरच भुंकतात आणि मशीन धापा टाकतंय. उतारा उघडेपर्यंत माझा चहा निवला.

अहो, विंडोज १० नि ११ मध्ये त्यांचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आधीच असतो की! फुकट, शिवाय पैशासाठी हात पसरत नाही. दुसरा घातला की तो आपणहून मागं सरतो. म्हणजे घरचा राखणदार झोपवायचा आणि दारात वर्गणीवाला बसवायचा! विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, खरी काळजी ती. पण त्याबद्दल एक अक्षर कोण बोलेल तर शपथ.

दोघांतला एक काढून टाकायला गेले, तर 'खरंच काढायचं?' तीनदा विचारलं. शेवटी गेला एकदाचा, पण जाता जाता ब्राउझरचं पहिलं पान बदलून गेला.

आतनं बाबा ओरडतायत, "अगं, परत लाल आलंय बघ!"

दुसरा राहिलाय अजून.