मूठभर बदाम, पण मूठ कुणाची?

डायबेटिस झाला म्हटलं की लोकांना आधी दया येते ती गोडाची, अरेरे आता याचं गोड बंद. गोडाचं काय घेऊन बसलात, गोड सुटतं हो, थोडे दिवस तोंड वाकडं करून बिनसाखरेचा चहा ढोसला की जीभ आपोआप गप्प बसते. खरा छळ रात्री साडेदहाला सुरू होतो. जेवण होऊन दोन-अडीच तास झालेले असतात, पोट म्हणत असतं काहीतरी दे, आणि त्या काहीतरीवर घरातल्या प्रत्येकाचं स्वतंत्र मत असतं, फक्त ज्याचं पोट आहे त्याला कुणी विचारत नाही.

त्यात भर सकाळच्या आकड्याची. रात्री झोपताना साखरेच्या मीटरवर १२८. मधे काही खाल्लं नाही, पाणीसुद्धा बायकोसमोर प्यायलो. सकाळी उठून टोचून बघतो तर १५१! आता हे वरचे २३ आले कुठून? हिने काही न बोलता फ्रीझर उघडला, आइस्क्रीमचा डबा हातात तोलून बघितला आणि म्हणाली, "अहो, खरं सांगा, मी रागावणार नाही." लग्नाला इतकी वर्षं झालेल्या कुठल्याही माणसाला या वाक्याचा अर्थ कळतो. मी म्हटलं मीटरमधे १५ टक्के इकडेतिकडे माफ असतं, तसा नियमच आहे. त्यावर ही म्हणे, "मग रोज वरच्याच बाजूला कसं चुकतं?" मुद्दा बिनतोड होता.

शेवटी डॉक्टर मॅडमनी सोडवलं. चोर घरातलाच निघाला, पण मी नाही, माझं यकृत. यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, ठेवलेलं असतं, आणि पहाटे तीन-चारनंतर कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन वगैरे मंडळी अंगात वाढायला लागली की यकृत त्यातून साखर बनवून रक्तात सोडायला लागतं, का तर आता हा माणूस उठणार, त्याला ताकद नको का. ज्यांचं इन्सुलिन धड काम करतं त्यांच्यात ही साखर तिथल्या तिथे आवरली जाते, आमच्यात नाही. याला डॉन फिनॉमेनन म्हणतात, डॉन म्हणजे इंग्रजीतली पहाट. थोडक्यात माझं यकृत म्हणजे अशी मावशी आहे जी गाढ झोपलेल्या पाहुण्याला पहाटे उठवून म्हणते, बाळा उपाशी आहेस ना, दोन घास खाऊन घे, आणि पाहुणा नको नको म्हणेपर्यंत ताट भरलेलं असतं.

हे ऐकून मला फार बरं वाटलं. घरी येऊन मी ते सगळं हिला दोनदा सांगितलं. हिने शांतपणे विचारलं, "यकृत कुणाचं?"

मग रात्री खायचं काय, यावर फॅमिली ग्रुपवर चर्चासत्र भरलं. कोमट दूध, दालचिनी, व्हिनेगर, कुणी सफरचंद. सफरचंद पौष्टिक आहे हो, पण मध्यम आकाराच्या एका सफरचंदात साधारण २५ ग्रॅम कार्ब्स असतात, कपभर दुधात १२, आणि हे दोन्ही एकदम घेतलं तर तो झोपण्यापूर्वीचा खाऊ राहत नाही, दुसरं जेवण होतं. मेव्हणीने शुगर-फ्री बिस्किटं पाठवली. शुगर-फ्री! चष्मा लावून पुडा उलटा करून वाचलं तर पहिलाच घटक मैदा. साखर नाही घातलीय हे खरं, पण मैद्याची पोटात गेल्यावर साखरच होते ना, का तो पुड्यावरचं वाचून थांबतो?

आहारतज्ज्ञ बाईंनी त्यातल्या त्यात माणसात आणलं. म्हणाल्या भूक असेल तरच खा, नसेल तर झोपा, आणि खाल्लंत तर थोडं, ज्यात प्रोटीन, चांगले फॅट, फायबर आहे असं, म्हणजे पोट हळू रिकामं होतं आणि साखर एकदम उसळत नाही. उकडलेलं अंडं, साधं दही, चमचाभर पीनट बटर किंवा मूठभर बदाम. आमच्या घरातलं अर्धं भांडण या मूठभर शब्दाने लावलंय. हिची मूठ आणि माझी मूठ यात फरक आहे. माझ्या मुठीत बदाम मावतात, हिच्या मुठीतून आल्यावर ते मोजता येतात. शेवटी काटा आणला. २८ ग्रॅम म्हणजे साधारण २३ बदाम निघाले. वाढलेले पण २३ आणि बदाम पण २३, हा योगायोग हिला इतका आवडला की तो तिने प्रिस्क्रिप्शनच समजून टाकला, आणि आता एका छोट्या वाटीत रोज मोजून ठेवते. एखाद्या रात्री २२ निघाले की मी तक्रार करतो, २४ निघाले की तोंड बंद ठेवतो.

पीनट बटरचा चमचा हा वेगळा विषय. सपाट चमचा की डोंगर? डब्यात चमचा खुपसून बाहेर काढला की जे वर येतं त्याला मी एक चमचा म्हणतो. ही सुरीने वरून सपाट करते. रात्री अकरा वाजता पीनट बटर सपाट करणारी बाई मी दुसरी बघितलेली नाही. आणि अंड्याचं म्हणाल तर उकडायला हरकत नाही पण नीट गार न करता सोलायला घेतलं की टरफलाबरोबर निम्मं अंडं जातं, आणि हातात चंद्रावरचे खड्डे असलेलं काहीतरी उरतं.

मधे मॅडमनी एक काम दिलं. पहाटे तीनला उठून एकदा साखर बघा. १९३० च्या दशकात मायकेल सोमोजी नावाच्या शास्त्रज्ञाने मांडलं होतं की रात्री साखर फार खाली गेली तर शरीर घाबरून उलटी उसळी मारतं आणि सकाळी आकडा वर दिसतो. सतत साखर मोजणारे सेन्सर आल्यापासून ही थिअरी बरीच मागे पडलीय म्हणे, तरी रात्री खाली जात नाही ना एवढी खात्री करून घेऊ. ठीक आहे. तीनचा अलार्म लावला, त्याने मी सोडून सगळं घर उठलं. हिने मला हलवून बसवलं, दिवा लागला, डोळे किलकिले करून बोट टोचलं तर रक्त येईना, बोट पिळ पिळ पिळलं, थेंब आला तोवर मीटर वाट बघून बंद, परत पट्टी काढ, घाल, तोवर थेंब चादरीला. शेवटी आकडा आला १३३. म्हणजे खाली वगैरे काही गेलेली नव्हती, मावशी नुकती उठून ओट्याशी आली होती. त्यानंतर मी घोरायला लागलो आणि ही सकाळपर्यंत जागी, त्याचं बिल अजून फिटतंय.

सगळ्यात हेवा वाटतो साडूचा. तो इन्सुलिनवर आहे. पूर्वी, म्हणजे १९४० च्या दशकात निघालेलं एनपीएच इन्सुलिन संध्याकाळी घेतलं की त्याचा जोर ऐन मध्यरात्री यायचा, म्हणून झोपताना खाणं हा उपचाराचाच भाग होता. आता मधेच जोर न करता दिवसभर सारखी, सपाट चालणारी इन्सुलिन्स आली, सगळ्यांना ती सक्ती राहिली नाही, पण साडूला त्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय की झोपताना आकडा कमी दिसला तर थोडं खाऊनच झोपायचं. म्हणजे आम्ही दोघं एकाच घरात मुक्कामाला, तो अधिकृतपणे टोस्ट खातोय आणि मी वाटी घेऊन बदाम मोजतोय. पण एकदा रात्री दरदरून घाम फुटून थरथरत उठला, आकडा ६१. ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर पटकन पोटात आणि १५ मिनिटांनी परत तपासायचं, त्यामुळे त्याला फळांचा रस दिला. मी चॉकलेट शोधत होतो तर हीच ओरडली, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते, रस द्या! साडू नंतर म्हणाला, एवढी वर्षं ज्या ग्लासभर गोडासाठी जीव तुटत होता तो मिळाला आणि चव कळलीच नाही. तेव्हापासून हेवा थोडा कमी केलाय.

मुलीची तऱ्हा निराळी. संत्रं सोलून हात न धुता गंमत म्हणून स्वतःची साखर तपासली, आकडा आला २०० च्या वर. घरात रडारड. हिने लगेच खानदानाच्या नावाने माझ्याकडे बघितलं. हात साबणाने धुवून परत टोचलं तर ९२. बोटाला लागलेला रस मीटरने इमानदारीने मोजला होता. त्यावर मी हळूच म्हटलं, बघा, माणसावर एकदम संशय घेऊ नये. कुणी ऐकलं नाही.

सध्या जेवण लवकर होतं, भात निम्म्यावर आलाय, जेवल्यावर १५ मिनिटं चालायला हाकलतात, आणि मॅडमनी मेटफॉर्मिनचा डोस बदललाय, त्या गोळीचं मुख्य काम यकृताला आवरणं हेच आहे. परवा सकाळी आकडा आला ११८. हिने श्रेय वाटीतल्या बदामांना दिलं, मॅडमनी गोळीला, मुलीने चालण्याला. साडूने दालचिनीला दिलं आणि ग्रुपवर तसं जाहीरही केलं, फोटोसकट. त्याने दिलेली दालचिनीची बाटली कपाटात सीलबंद आहे, पण तो पुढच्या आठवड्यात राहायला येतोय म्हणून ही आज ती उघडून अर्धी रिकामी करणार आहे.