पत्रा, स्लॅब आणि किरकोळ

आमच्या घरात पलंगावर उताणं पडलं की वर भावी आमदार दिसायचा. पांढरा शर्ट, गळ्यात उपरणं, हात जोडलेले. 'वाढदिवसाच्या हार्दिक' एवढं वाचता यायचं, 'शुभेच्छा' वाशामागं गेल्या होत्या. दोन वर्षांखाली पत्र्याला चाळणीसारखी भोकं पडली, तेव्हा आधी डांबर फासलं, मग डांबराची पट्टी चिकटवली, मग एम-सील. शेवटी चौकातून उतरवलेला एक फ्लेक्स आणून पत्र्याखाली बांधला, म्हणजे गळणारं पाणी एका जागी जमेल आणि खाली एकच बादली लागेल. योजना चांगली होती. फक्त पाऊस वाढला की भावी आमदारांचं पोट सुटायचं. मग बायको झाडूच्या दांड्यानं ते टोचायची आणि मी बादली धरायचो.

२०२५ च्या सप्टेंबरात मात्र हे भागेना. मांजरा, तेरणा पात्र सोडून रानात शिरल्या. लोकांच्या जमिनी खरवडून गेल्या, जनावरं वाहून गेली. त्यापुढं आपल्या घराचं गळणं कुणाला सांगायचं म्हणजे लाजच. पण रात्रभर पत्र्यावर असा ताशा वाजायचा की घरात बोलायचं तर खुणा कराव्या लागत. एका रात्री बायकोनं खुणेनं बादली मागितली, मी चहाचं पातेलं दिलं. सकाळी पाऊस थांबल्यावर ती पहिलं वाक्य बोलली, ते असं : "अहो, यंदा गाडी नको, सोनं नको, काही नको. छप्पर."

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. त्यामुळं बजेट काढणं हे काम माझंच, हे घरात कुणी न विचारता ठरलं. शंभर पानी वही घेतली, लाल पेनानं रकाने आखले, शेवटच्या रकान्यावर 'किरकोळ' लिहिलं आणि समोर दोन हजार मांडले. ही वही आता माझ्या बायकोच्या ताब्यात आहे. पाव्हणे आले की ती त्यांना दाखवते.

आमच्या छपराची थोडी हकीकत सांगायला पाहिजे. आमचं घर औसा तालुक्यात, मूळचं माळवदाचं. सागवानी खांब, त्यावर तुळया, त्यावर फळ्या आणि वर पांढरी माती. दर साल मिरगाच्या आधी गढीची पांढरी माती आणून वर पसरायची, तुडवायची. उन्हाळ्यात घरात गारवा, रात्री झोपायला माळवद, दिवसा कुरडया-पापड वाळवायला तेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी असताना, गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं असताना, भूकंपात ही गार छपरंच लोकांच्या अंगावर आली. किल्लारी, सास्तूर आमच्यापासून लांब नाहीत. आमच्या घराची एक भिंत फुगली, माळवद अर्धं खचलं, माणसं वाचली. त्यानंतर अण्णांनी माळवदाची माती उतरवली आणि ९४ साली पत्रा ठोकला. अख्ख्या पट्ट्यानं हेच केलं. उन्हाळ्यात पत्र्याखाली माणूस भाजतो, पण अण्णा म्हणायचे, "भाजलेला माणूस उठून भाईर तरी येतो."

तर आता प्रश्न होता पत्रा की स्लॅब. बायकोचं मत स्लॅबच्या बाजूनं. वाळवण कुठं घालायचं, हा तिचा मुद्दा, आणि तो तीस वर्षांपासून प्रलंबित आहे. शेजारच्या घरी स्लॅब आहे, तिच्या माहेरी स्लॅब आहे, आणि माझ्या साडूच्या तर गोठ्यालासुद्धा स्लॅब आहे. पुण्यात शिकणाऱ्या पोरानं मोबाइलवर सांगितलं, "पप्पा, सिमेंटचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून अठ्ठावीसवरून अठरा टक्के झालाय, आता स्लॅबच परवडतो." घर गळत होतं त्याच आठवड्यात सिमेंट स्वस्त झालं, म्हणजे दैवानंच इशारा केला, असं बायकोला वाटलं. मी हिशोब केला. सत्तर पोत्यांमागं दोन-अडीच हजार वाचत होते. तेवढ्या आकड्यानं दैवाचा इशारा मोडीत निघू नये म्हणून मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्रीनं चहा घेतला, भिंतीवर थापीचा दांडा दोन ठिकाणी ठोकला आणि कान लावला. डॉक्टरच. मग म्हणाला, "सर, भिंत दगडमातीची हाय. हिच्यावर स्लॅब म्हंजी म्हाताऱ्याच्या डोक्यावर ज्वारीचं पोतं. स्लॅब करायचा तर खालून कॉलम घ्यावं लागतेत."

"कॉलमला किती?"

"कॉलमला काय न्हाई. कॉलमला फूटिंग लागतंय. फूटिंगला खड्डं. खड्ड्याला फरशी उचकटावी लागंल. फरशी उचकटली तर नवीनच टाका की."

असं करत करत तो छपरापासून निघाला आणि जमिनीखाली पाच फुटांवर जाऊन थांबला. आकडा साडेसहा लाखांवर गेला होता. वर तो म्हणाला, "आन् स्लॅबला एकवीस दिवस पाणी पाजावं लागंल बरं का. वर आळं करून पाणी तुंबवायचं." ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं, त्या लातूरच्या पंचक्रोशीत उन्हाळ्यात छपरावर तळं करायचं! आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. नवऱ्या मुलाची वाट बघावी तशी बायका त्याची वाट बघत बसतात. तरी बायको म्हणाली, "टँकर घेऊ." मी वहीत टँकर लिहिला. सहा टँकर. मग पुसला.

स्लॅबचा खरा शेवट मात्र माझ्याच हातून झाला. रात्री जेवताना मी, अंगात भिनलेल्या खोडीमुळं, वजन काढलं. चोवीस फूट बाय तीस फूट, जाडी पाच इंच, म्हणजे तीनशे घनफूट, म्हणजे साडेआठ घनमीटर. लोखंडासकट काँक्रीट घनमीटरला अडीच टन. मोठ्यांदा म्हणालो, "बघा, एकवीस टन!" वर्गात हे उत्तर आलं असतं तर पोरांनी टाळ्या वाजवल्या असत्या. अण्णांचा घास हातातच राहिला.

"एकवीस टन? कुणाच्या डोस्क्यावर?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. कॉलम असले, नीट बांधलं, तर स्लॅब भूकंपातसुद्धा टिकतो, हे मी अण्णांना चित्र काढून समजावलं. त्यांनी चित्र नीट पाहिलं. म्हणाले, "बरोबर असंल तुझं. पर मी ढाळजंत, दारापाशी झोपंन." विषय संपला. त्या रात्री झोप येईना म्हणून मी जुन्या माळवदाचं वजनही काढून पाहिलं. दीड फूट माती धरली तरी पन्नासेक टन होतं. माझं सगळं लहानपण त्याखाली गेलं. हा आकडा मी अण्णांना सांगितला नाही, वहीतही लिहिला नाही.

मग पत्रा. पण कुठला? पोरानं पफ पॅनेलची, म्हणजे मधे फोम भरलेल्या पत्र्याची लिंक पाठवली. दर बघून मी तिला अंगठा दाखवला आणि पुढं सरकलो. शेवटी रंगीत प्रोफाइल पत्र्यावर आलो. दुकानदार म्हणाला, "पॉइंट पन्नास घ्या, सर. वानर नाचलं तरी वाकणार नाही." वानर हा आमच्याकडं छपराच्या बजेटमधला गंभीर मुद्दा आहे. सकाळी आठ-दहा जणांची टोळी चिंचेवरून पत्र्यावर उडी टाकते. तो आवाज ऐकून नवीन सून एकदा घराबाहेर पळाली होती. तिला वाटलं, किल्लारी झालं.

पॉइंट पन्नास म्हणजे अर्धा मिलिमीटर. दुकानदार म्हणतो म्हणून विश्वास ठेवायचा, तर मग विज्ञान कशाला शिकवतो? मी शाळेच्या प्रयोगशाळेतला जाडी मोजायचा स्क्रू गेज खिशात घालून नेला. दुकानात गर्दी जमली. तीन ठिकाणी मापून मी जाहीर केलं, "झीरो पॉइंट पन्नास आहे खरं." दुकानदार खूश. मी म्हटलं, "पण हे रंग धरून." तो म्हणाला, "सर, रंग धरूनच मोजतात. रंगाशिवाय पत्रा कमीच भरणार." म्हणजे पत्रा घ्यायला गेलो आणि थोडा रंगही जाडीच्या भावानं घेतला. मागं उभा असलेला माझा जुना विद्यार्थी हळूच म्हणाला, "सर, ते झीरो एरर काढलंत का?" रिकामा गेज शून्यावर येतो का, ते आधी बघायचं असतं. बघितलं नव्हतं.

चौदा फुटी अठरा पत्रे. २५२ रनिंग फूट, दीडशेनं ३७,८०० रुपये. लोखंडी पाइप ६२ हजार, मजुरी १६ हजार, किरकोळ दोन हजार. बेरीज १,१७,८००. सोयाबीनच्या पैशावर यंदाचा मोठा खर्च भागेल, असं मी आषाढात धरलं होतं. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ होता. आमचं सोयाबीन पाण्यात उभं होतं, त्यामुळं तो मिळतो की नाही हे बघायचीही वेळ आली नाही. सोसायटीचं कर्ज घेतलं.

काम संक्रांतीनंतर सुरू झालं. नववा पत्रा बसला आणि वेल्डर वरून ओरडला, "सर, आभाळ दिसतंय!" साडेतीन फूट रुंद पत्रा, तीस फूट लांबी, एका उताराला नऊ पत्रे, बक्कळ झाले, असा माझा हिशोब. पण पत्र्यावर पत्रा चढतो, तेव्हा प्रत्येकाची कड दुसऱ्याखाली जाते आणि कामाला साधारण एक मीटरच येतो. नऊ मीटर म्हणजे साडेएकोणतीस फूट. अर्धा फूट आभाळ उघडं राहिलं, दोन्ही उतारांना. मिस्त्री काही बोलला नाही. त्यानं फक्त तंबाखू काढली आणि मळायला घेतली, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. दोन पत्र्यांसाठी टेम्पो पुन्हा औशाला गेला.

इथून 'किरकोळ' मोठं व्हायला लागलं. वेल्डिंगच्या वेळी वीज नाही, म्हणून जनरेटर भाड्यानं. जनरेटरला डिझेल. मुहूर्ताचा नारळ, पेढे. स्क्रू संपले. स्क्रू आणले तर ते घालायचा बिट तुटला. जुना पत्रा काढताना एक घसरून शेजारच्या काकूंच्या तुळशी वृंदावनावर पडला, ते नवीन. काकूंची समजूत काढायला साडी, ती बायकोनं घेतली, आणि एक घेताना दोन बऱ्या पडतात म्हणून दुसरीही. कामगारांना शेवटच्या दिवशी मटण. मी म्हटलं, "मटण स्लॅबला असतं, पत्र्याला नसतं." मिस्त्री म्हणाला, "सर, स्लॅबचंच काम होतं की तुमचं. तुमीच बदललं."

शेवटी किरकोळ भरलं २९,६४०. बायकोनं तो रकाना बोटानं वरून खाली वाचला आणि विचारलं, "मग यात मोठं काय होतं?"

आता राहिले जुने पत्रे. भंगारवाला किलोवर मागत होता. अण्णा म्हणाले, "तीस वर्सं डोस्क्यावर धरलं ते इकायचं?" म्हणून ते गोठ्यावर चढवले. भोकं आहेतच, तेव्हा खाली फ्लेक्सही बांधायला घेतला. शिडीवरून मी विचारलं, छापील बाजू वर करू की खाली?

"तोंड खालीच कर," अण्णा म्हणाले. "म्हशीला कोण भेटायला येतंय?"